थोरलीचा उजवा, धाकटीचा डावा

११ सप्टेंबर

हाडांच्या डॉक्टरांकडे आज आम्ही दोघी एकदमच जाऊन आलो. जाऊबाईंचा उजवा गुडघा, माझा डावा. दुखणं मात्र एकच निघालं. गुडघ्याच्या आतली गादी झिजून फाटली आहे. डॉक्टरांनी दोघींचे फोटो उजेडाच्या काचेवर शेजारी शेजारी लावले आणि म्हणाले, "नाव झाकलं तर कुठला कुणाचा, हे मलाही सांगता येणार नाही." जाऊबाईंना ते फारसं रुचलं नाही. माझ्यासारखं काहीही आपल्याकडे असावं हे त्यांना पहिल्यापासून पटत नाही.

घरी येताना कोपऱ्यावरून ही डायरी घेतली. कुणाजवळ तरी बोलायला हवं आणि जाऊबाईंजवळ जाऊबाईंबद्दल बोलता येत नाही. तर डायरीबाई, ऐका. आमचे नवरे सख्खे भाऊ. पडद्यांचं दुकान त्यांचं. दोघेही पाठोपाठ गेले आणि दुकानात आम्ही दोघी उरलो. जाऊबाई वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली दुकानाच्या मागच्या खोलीत. त्या जमिनीवर कापड पसरून, गुडघ्यांवर रांगत कापतात. मी मशीनवर शिवते आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन शिडीवर चढून टांगते. म्हणजे गुडघे आम्ही समसमान झिजवले.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, दुर्बिणीतून छोटं ऑपरेशन करून फाटलेला तुकडा काढून टाकायचा. दुसरी, तीन महिने नेमाने व्यायाम. मी विचारलं, "त्यातली चांगली कुठली?" ते म्हणाले, "गादी एकदम मार लागून फाटली असती तर गोष्ट वेगळी. ही वयाने झिजलीय. दोन्ही वाटा बहुतेक एकाच गावाला जातात. ऑपरेशनची घाई नाही."

"मला आहे," जाऊबाई म्हणाल्या.

१४ सप्टेंबर

जाऊबाईंचं ठरलं. ऑपरेशन. पुतण्याचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, फोन आला. तो दूरच्या शहरात असतो. मला म्हणाला, "काकू, तूही करून टाक ना, एकदमच उरकेल."

मी म्हटलं, "दोघी एकदम आडव्या पडलो तर दुकानाचं शटर कोण उघडणार?"

हेच खरं कारण आहे. डॉक्टरांच्या खोलीत ऑपरेशनचं नाव निघालं तेव्हा आमचे हात एकमेकींत होते, ते जाऊबाई घाबरल्या म्हणून. मी नव्हता धरला.

१८ सप्टेंबर

आज व्यायामाचा पहिला दिवस. दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, भिंतभर आरसे, आणि कुठेही न जाणाऱ्या चार-पाच सायकली. शिकवणारी मुलगी अंगाने काडी, आवाज मात्र हवालदाराचा. तिने मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "मावशी, आता हात छातीशी धरा आणि उठा."

उठता येईना. शिडीवर चढून छतापर्यंत जाणारी मी, एका खुर्चीतून उठेना. आरशात माझा चेहरा बघवेना.

तिने नीट समजावलं. दुखतं म्हणून पाय वापरायचं टाळलं, टाळलं म्हणून मांडी सुकली, आणि मांडी सुकली म्हणून सगळा भार गुडघ्यावर आला. "गुडघा बिचारा एकटा पडलाय, मावशी. त्याला सोबत करायची."

"बिचारा बिचारा करू नकोस," मी म्हटलं, "लाडावेल."

थोडं दुखलं तर चालेल म्हणाली. दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला तर मात्र तिला सांगायचं. घरी आल्यावर जाऊबाईंनी विचारलं, कसं झालं. म्हटलं, "मस्त. सायकल चालवली." खुर्चीचं काही बोलले नाही.

२६ सप्टेंबर

जाऊबाईंचं ऑपरेशन झालं. पुतण्याची गाडी वाटेत बंद पडली आणि तो दुपारनंतर पोचला, म्हणून मला थांबावं लागलं. आत नेताना त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. चष्मा नसला की त्यांचा चेहरा अगदी लहान दिसतो. म्हणाल्या, "धाकटे, आयुष्यभर मी कापलं, आज मला कापणार. रेघ सरळ येईल ना गं?"

म्हटलं, "तिरकी आली तर मी दुमडून घेईन."

त्या हसल्या, आणि दार लागलं.

बाहेर बसून करण्यासारखं काही नव्हतं. चष्मा पुसत बसले. बाहेर आणल्यावर गुंगीत होत्या. पहिला प्रश्न, "शटर उघडलं होतंस?" म्हटलं, हो. खरं तर दुकान आज बंदच होतं. एका दिवसाने काय बिघडतंय.

२८ सप्टेंबर

जाऊबाईंना जिना चढायचा नाही म्हणून त्यांची सोय माझ्या खोलीत केली. पलंग भिंतीशी सरकवला, मधे त्यांची खाट. आता खोलीत वळायलाही जागा नाही. घोरतात. वर सकाळी उठून मलाच म्हणतात, "काय घोरतेस गं." पुतण्या दोन दिवस राहून परत गेला.

४ ऑक्टोबर

माझा व्यायाम चालू आहे. सकाळी खुर्ची, मग पाय सरळ उचलून धरणं, मग एका बुटक्या पाटावर चढ-उतर. जाऊबाई खाटेवरून बघत असतात आणि टोमणे मारतात. "पाटावर चढतेस की पाटाची माफी मागतेस?"

गुडघा अजून दुखतोच. पण आताशा झोप गाढ लागते. व्यायामाचा गुण असावा.

१२ ऑक्टोबर

जाऊबाई ठणठणीत. काठी टाकली आणि आज जिना चढून आपल्या खोलीत गेल्या. वरून ओरडून सांगितलं, "ऑपरेशन ते ऑपरेशन." मी खाली पाटावर, घामाघूम. देव देतो तेव्हा थोरलीलाच देतो.

खाट काढली, पलंग पुन्हा खिडकीशी लावला. खोली कशी ऐसपैस झाली. बरं वाटलं.

१३ ऑक्टोबर

झोप नाही लागली. पलंगाची जागा बदलल्याने असेल.

२० ऑक्टोबर

गेले काही दिवस व्यायामाला दांडी मारली. वर्गालाही गेले नाही. कशासाठी जायचं? त्या एका दिवसात बऱ्या होतात आणि मी महिनाभर खुर्चीशी झटापट करते.

सकाळी जाऊबाई जिन्यावरून सावकाश उतरून आल्या. माझ्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "खुर्ची कुठंय?"

"कशाला?"

"आण आधी."

आणली. "हं, ऊठ-बस. मी मोजते." त्यांच्या मोजण्यात आठानंतर परत सहा येतं. मी म्हटलं, "हे कुठल्या शाळेतलं?" तर म्हणाल्या, "ज्या शाळेत दांडी चालत नाही त्या." शेवटी हसून हसून खुर्चीतच बसले. त्या मोजायच्या थांबल्या नाहीत.

२ नोव्हेंबर

आज दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पडदे टांगले. मोठी खिडकी, जड कापड, कड्या अडकवायला वेळ लागला. सगळं झाल्यावर शिडीची घडी करताना लक्षात आलं की मी शिडीवरून एकेक पाऊल टाकत, सरळ उतरले होते. एरवी डावा पाय आधी खाली ठेवायचा, मग उजवा त्याच्याजवळ आणायचा, लहान मूल उतरतं तसं. आज पायांनी मला विचारलंच नाही.

घरी आल्या आल्या जाऊबाईंना सांगितलं. मला वाटलं होतं, काहीतरी खवचट बोलतील. त्या नुसतं "बरं झालं" म्हणाल्या आणि कापडावर खडूने रेघ मारत राहिल्या. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही काही माणसांना.

८ नोव्हेंबर

राणीसाहेबांनी आता खाली यायचंच सोडलं आहे. वरच टेबलावर कापड पसरतात, कापतात, आणि पिशवीत घालून दोरीने गॅलरीतून खाली सोडतात. मी दुकानाच्या दारात उभी राहून पिशवी झेलते. रस्त्यावरचे लोक बघतात. विचारलं तर म्हणाल्या, "वर उजेड चांगला आहे." एका ऑपरेशनने माणूस इतका चढून बसतो.

१० नोव्हेंबर

हे लिहायला हात उचलत नाही.

दुपारी पुतण्याचा फोन आला. म्हणाला, आईचा गुडघा पुन्हा सुजलाय, जिना उतरवत नाही, चार दिवस झाले रडवेली झालीय. तिला मी कायमची माझ्याकडे आणतो, इथे लिफ्ट आहे.

त्याला माहीत होतं. मला, खाली राहणारीला, माहीत नव्हतं. रोज दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं, तरी.

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "घेऊन जा. खुशाल घेऊन जा. माझं काही अडत नाही, मी एकटी निभावेन."

फोन ठेवून वळले तर जाऊबाई जिन्यात. कठड्याला दोन्ही हातांनी धरून अर्ध्यापर्यंत उतरल्या होत्या. तशाच वळल्या आणि वर चढायला लागल्या. एकेका पायरीवर थांबत होत्या. मी खाली उभी राहून बघत राहिले. पाय जाग्यावरून हलला नाही.

११ नोव्हेंबर

जाऊ हे नाव ज्याने ठेवलं त्याला नमस्कार. जाऊ, जाऊ. येऊ नावाचं नातं नाहीच कुठे.

१७ नोव्हेंबर

शेजारणीच्या मुलीने जाऊबाईंना डॉक्टरांकडे नेऊन आणलं. मला विचारलं नाही. मी वर्गाला गेले होते तेव्हा व्यायामवालीने आपणहून विषय काढला. म्हणाली, "तुमच्या जाऊबाई येऊन गेल्या. घाबरण्यासारखं काही नाही, सूज उतरेल. पण मावशी, त्यांना ऑपरेशननंतर व्यायाम सांगितला होता, त्यांनी तो एक दिवसही केला नाही. तुकडा काढला, पण मांडी सुकलेलीच राहिली. मग भार कुणी उचलायचा?"

मी म्हटलं, "त्यांना वाटलं असेल, ऑपरेशन झालं म्हणजे झालं."

"तुम्ही आणा ना त्यांना."

"त्या जाणार आहेत. मुलाकडे. कायमच्या."

तिने कोपऱ्यातला दुसरा पाट ओढून आणला. मग म्हणाली, "मावशी, आज पाट जरा उंच घेऊ." मी किती वेळ चढ-उतर करत होते, आठवत नाही. तिनेच हाताला धरून थांबवलं.

२१ नोव्हेंबर

पुतण्याने त्याच्या घरातल्या आईच्या खोलीच्या खिडकीचं माप पाठवलं. पडदे घरचेच हवेत म्हणे. जाऊबाईंनी निळं कापड कापून पिशवीतून खाली सोडलं, चिठ्ठीही नाही. शिवायला घेतलं. एक पट्टा आखूड झाला. उसवला.

२५ नोव्हेंबर

चुण्या सारख्या पडल्या नाहीत. उसवलं. मशीनवरचा दिवा मंद झालाय.

२९ नोव्हेंबर

दिवा बदलला. पुन्हा उसवावं लागलं. इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही पडदा दोनदा उसवला गेलेला नाही. डोळे तपासून घ्यायला हवेत.

५ डिसेंबर

पुतण्या सकाळीच गाडी घेऊन आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "काकू, आई हाकेला ओ देत नाहीये. बघतेस का? मी गेलो की चिडते."

त्या जिन्याने मी वर जाऊन वर्ष होऊन गेलं असेल. माझा गुडघा दुखायला लागल्यापासून काही लागलं तर त्याच खाली यायच्या. चढताना मनात धाकधूक होती, पण ती गुडघ्याची नव्हती. गुडघा गुमान चढला.

दार लोटलेलं होतं. पलंगावर बॅग उघडी, आत एकही कपडा नाही. जाऊबाई खिडकीजवळ, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीसमोर उभ्या. दोन्ही हात छातीशी. हळूहळू बसल्या, ओठ दाबून उठल्या. गुडघे आत वळत होते. मला बघून हात खाली टाकले.

"काय करताय, ताई?"

"काही नाही. पाय मोकळे करत होते."

"असे?"

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "तू खाली मोजतेस ते वर ऐकू येतं. फळ्यांतून. तू उठलीस की मी उठते. तू बसलीस की बसते. गुडघे कसे ठेवायचे ते वरून दिसत नाही, नुसते आकडे येतात."

मी खुर्चीसमोर जाऊन जमिनीवर बसले. पूर्वी मला असं बसता येत नव्हतं, आत्ता लिहिताना हे लक्षात आलं. त्यांच्या गुडघ्यांना दोन्ही बाजूंनी हात लावले. उजवा अजून गरम लागत होता. म्हटलं, "गुडघे आत पाडू नका, म्हणून सुजतं. पायाच्या बोटांच्या रेषेत राहू द्या. आता उठा."

त्या उठल्या. जरा बरं जमलं.

"परत."

परत उठल्या. मग तिथेच उभ्या राहिल्या आणि माझ्या डोक्यावरून बोलल्यासारखं बोलल्या, "तू घेऊन जा म्हणालीस त्याला."

"म्हणाले."

"मग?"

"मग काय. दुखतंय हे तुम्ही त्याला सांगितलंत, मला नाही सांगितलंत."

"तुला काय सांगायचं. तू शिडीवरून सरळ उतरलीस म्हणून इतकी आनंदात होतीस. त्यात माझं रडगाणं कुठे घालू?"

त्या दिवशी मी डायरीत काय लिहिलं होतं ते मला आठवत होतं. बरं झालं, जाऊबाई माझी डायरी वाचत नाहीत.

"राहा," मी म्हटलं.

"काय?"

"राहा इथे. माझ्या खोलीत खाट टाकू. जिना चढता येईल तेव्हा चढा. नाही चढता आला तर नका चढू."

"मोठ्याने सांग. तो खाली उभा आहे."

"मला नाही ओरडता येत."

"फोनवर तर छान येत होतं."

तेवढ्यात जिन्याखालून पुतण्या म्हणाला, "ऐकू आलंय, काकू. म्हणजे गाडी रिकामीच न्यायची ना?"

खाली आल्यावर तो थोडा गंभीर झाला. आईला म्हणाला, "नक्की ना? पडलीस-बिडलीस तर मी इतक्या लांब." जाऊबाई म्हणाल्या, "पडले तर हिच्यावर पडेन." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसला होता. मग म्हणाला, "निदान पडदे तरी देऊन टाका, माझी खिडकी उघडीच आहे."

"झालेले नाहीत," मी म्हटलं.

"दोनच पट्टे होते ना? इतक्या दिवसांत?"

"उजेड नीट पडत नव्हता."

मायलेक एकमेकांकडे बघून का हसले ते मला कळलं नाही.

७ डिसेंबर

पुतण्या परत गेला. पडदे परवा दुपारीच बसून पुरे केले होते, एका बैठकीत. ते घेऊन गेला. निघताना दोघींच्या पाया पडला आणि वाकल्या वाकल्या दोघींच्या गुडघ्यांना हळूच थापटून गेला.

१२ डिसेंबर

जाऊबाईंचा पहिला वर्ग. त्यांना खुर्चीतून हाताशिवाय उठता आलं. व्यायामवाली म्हणाली, "अरे वा, घरी करून आलात वाटतं." मी आरशात दुसरीकडे बघत होते. सायकली शेजारच्या मिळाल्या. जाऊबाई म्हणतात त्यांची पुढे होती.

३ जानेवारी

थंडी कडाक्याची. दोघींचेही गुडघे सकाळी कुरकुरतात. पूर्वी दुखलं की मी पडून राहायचे, आता उठून चालायला लागते, मग जरा सैल होतं. जाऊबाईंची सूज उतरली, पण जिना अजून जड जातो. काल चिडून म्हणाल्या, "ऑपरेशन केलं ते फुकटच गेलं म्हणायचं." म्हटलं, "तसं कसं? त्यामुळे तुम्ही माझ्या खोलीत राहायला आलात." बोलून गेले आणि मग फार वेळ बटणांचा डबा आवरत बसले. दिवे मालवल्यावर म्हणाल्या, "धाकटे, तू खरंच घोरतेस."

२२ फेब्रुवारी

डॉक्टरांनी दोघींना तपासायला बोलावलं होतं. उठा, बसा, वाका, एका पायावर उभ्या राहा. मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी विचारलं, "तर मग, आता कुणाचा गुडघा जास्त बरा?"

"माझा," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

ते हसले. पुन्हा फोटो काढायचा का, मी विचारलं. म्हणाले, "कशाला? गादी आजही फाटलेलीच दिसेल. ती शिवली जात नाही. तुम्ही तिच्याभोवतीचं सगळं मजबूत केलंत. ते सोडू नका म्हणजे झालं. सहज आठवण झाली तर वर्षाने या."

बाहेर पडलो. शाळेच्या सभागृहाच्या पडद्यांचं काम आलं आहे, आमच्या हातचं आजवरचं सगळ्यात मोठं. जाऊबाईंचं म्हणणं, अस्तर हवंच, नाहीतर मागचा उजेड दिसतो. माझं म्हणणं, अस्तर लावलं तर इतकं जड होईल की दांडा वाकेल. त्या म्हणाल्या, दांडा बदला. मी म्हटलं, दांडा शाळेचा आहे, आपल्या बापाचा नाही. त्या म्हणाल्या, तुला पहिल्यापासून काटकसरीची हौस. मी म्हटलं, आणि तुम्हाला कापडाची. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा दंड धरला आणि ओलांडून झाल्यावर सोडायचं विसरल्या, कारण तेव्हा आमचं भांडण झालरीवर आलं होतं.

दुकानाची पाटी दिसली तशा जाऊबाई थांबल्या. मागे बघितलं. चढ, वळण, पेठेचा सगळा रस्ता.

"धाकटे, आपण बसने यायचं होतं ना?"

थांबा केव्हा मागे पडला, दोघींनाही सांगता येईना.

"आता?" मी विचारलं.

"आता काय, आलोच की." त्यांनी पर्समधून किल्ली काढली.

अस्तराचं अजून ठरलेलं नाही.